संगीतसूर्य केशवराव भोसले : मंडळ्यांच्या पळवापळवीतून घडलेला मालक

कोल्हापुरातील खासबाग मैदानालगतचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ज्यांचे नाव या वास्तूला दिले आहे, त्या संगीतसूर्यांची जयंती नेमकी दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेल्या या रंगमंदिराच्या निमित्ताने केशवरावांचे नाव पुन्हा एकदा सर्वत्र घेतले गेले. त्यांची दोन ओळखचिन्हे त्या वेळीही सांगितली गेली. एक म्हणजे तिन्ही सप्तकांत लीलया फिरणारा त्यांचा तेजस्वी गळा आणि दुसरे, बालगंधर्वांबरोबर झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग.

ही दोन्ही चिन्हे खरी आहेत. तथापि अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात या माणसाने केलेले तिसरे काम तितकेच मोलाचे आहे आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. संगीत नाटक मंडळ्या परस्परांचे नट, गायक आणि वादक पळवीत होत्या, त्या काळात केशवरावांनी मालकाच्या पश्चातही टिकेल अशी एक मंडळी उभी केली. ज्या व्यवहाराने त्यांना लहानपणी आईपासून दूर नेले, त्याच व्यवहारात ते पुढे मालक म्हणून उतरले. या दोन टोकांमध्ये त्यांचे चरित्र सामावलेले आहे.

त्यासाठी आधी तो व्यवहार समजून घ्यावा लागतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. दोनच वर्षांनी बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर हा तरुण गायक मंडळीत दाखल झाला. भाऊराव म्हणजे किर्लोस्कर मंडळी, असे समीकरण पुढे अनेक वर्षे टिकले. प्रेक्षक कथानकासाठी जसे येत, त्याहून अधिक गाण्यासाठी येत. एका नाटकात पदांची संख्या पन्नास-शंभरांच्या घरात असे आणि एकेका पदाला तीन-चार वेळा वन्समोअर मिळून प्रयोग पहाटेपर्यंत चाले. अशा स्थितीत मंडळीचे भांडवल म्हणजे पडदे, शालू किंवा दागिने नव्हेत. भांडवल म्हणजे गळा. भाऊराव १९०१ मध्ये निवर्तले तेव्हा किर्लोस्कर मंडळीवर जे संकट कोसळले, ते पेढीतील तिजोरी रिकामी व्हावी तसे होते. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, मंडळीत आले तेव्हा कुठे ती पोकळी भरून निघाली.

स्त्रिया रंगभूमीवर येत नसल्याने स्त्रीभूमिकांसाठी कोवळ्या आवाजाची, देखणी मुले लागत. मंडळीचा मुक्काम एखाद्या गावी पडला की कोणाच्या घरी गोड गळ्याचा मुलगा आहे, देवळात भजनाला कोण उभा राहतो, कीर्तनकाराच्या मागे कोण सूर धरतो, याची चौकशी होई. पालकांशी काही वर्षांचा करार केला जाई. मुलाचे जेवणखाण, कपडालत्ता आणि गाण्याची तालीम मंडळीकडे, मोबदला पालकांकडे. गरीब घराला तो आधार वाटे. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी आवाज फुटला की त्याच मुलाचे भवितव्य टांगणीला लागे. कोणाचा गळा त्यातून सावरे, कोणी पडद्याच्या दोऱ्या ओढण्याच्या कामाला लागे, तर कोणी मंडळीतून कायमचा बाहेर पडे. ज्यांची नावे इतिहासात राहिली, त्यांच्या कितीतरी पटीने अधिक मुले अशी विस्मृतीत गेली असणार.

केशव विठ्ठल भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. आई जानकीबाई यांच्यापुढे मुलांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापुरात जनुभाऊ निमकर यांची स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी होती. केशवचा वडील भाऊ दत्तोबा आणि त्याच्यामागोमाग केशव या मंडळीत दाखल झाले. त्या वेळी केशवचे वय जेमतेम चार-पाच वर्षांचे होते. शाळेशी त्याचा संबंध जवळजवळ आलाच नाही. मंडळीचे बिऱ्हाड हेच त्याचे घर, पंगत हेच कुटुंब आणि तालमीची खोली हीच शाळा ठरली. आज या वयाच्या मुलाला आपण शिशुवर्गात सोडतानाही दहा वेळा मागे वळून पाहतो.

केशवच्या पदरात भाग्य टाकले ते देवलांच्या ‘शारदा’ने. किर्लोस्कर मंडळीने १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलेले हे नाटक लवकरच इतर मंडळ्याही करू लागल्या. स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेची भूमिका अकरा-बारा वर्षांच्या केशवच्या वाट्याला आली. म्हाताऱ्याशी लग्न लावून देण्यासाठी बापाने विकायला काढलेली मुलगी, ही शारदेची व्यथा. स्वतःच्या बालपणाचा व्यवहार झालेल्या मुलाने ती व्यथा गावी, यातील योग त्या काळच्या प्रेक्षकांना जाणवला असेल की नाही, कोण जाणे. प्रेक्षकांना जाणवला तो गळा. चढा, धारदार, दाणेदार तानांचा आणि तरीही भावनेने ओथंबलेला. केशवची शारदा पाहण्यासाठी गर्दी लोटू लागली आणि स्वदेशहितचिंतक ही दुय्यम समजली जाणारी मंडळी किर्लोस्कर मंडळीशी बरोबरी करू लागली.

इथून पुढे जे घडले, ते त्या काळाच्या रीतीला धरूनच होते. मंडळीचे उत्पन्न ज्याच्या गळ्यावर उभे आहे, त्याला मंडळीच्या कारभारात स्थान नाही, ही स्थिती फार काळ टिकत नसे. किर्लोस्कर मंडळीने प्रमुख नटांना भागीदार करून घेण्याची वाट काढली होती. निमकरांच्या मंडळीत मालक तो मालकच होता. केशवराव आणि मालक यांच्यात बिनसले. मंडळीचा मुक्काम हुबळीस असताना केशवराव काही सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि १ जानेवारी १९०८ रोजी तेथेच त्यांनी ललितकलादर्श नाटक मंडळीची स्थापना केली. मालक झालेल्या या तरुणाचे वय सतरा वर्षांचे होते.

निमकरांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. चार वर्षांच्या पोराला वाढवायचे, गाणे शिकवायचे, त्याच्या नावाचा गवगवा करायचा आणि ऐन बहरात त्याने स्वतःची मंडळी काढायची, हा आघात लहान नव्हता. परंतु तेरा वर्षे राबलेल्या मुलाच्या गळ्यावर कोणाचा हक्क, या प्रश्नाला निमकरांनी दिलेले उत्तर काळाने मान्य केले नाही. विशेष म्हणजे केशवराव गेल्यावरही निमकरांची मंडळी लगेच कोसळली नाही. मामा वरेरकर या पोस्टखात्यातील तरुणाचे ‘कुंजविहारी’ हे नाटक १९०८ मध्येच त्यांनी रंगभूमीवर आणले. पुढे हेच वरेरकर केशवरावांच्या मंडळीचे लेखक झाले. पळवापळवी केवळ गळ्यांची नव्हती, लेखण्यांचीही होती.

आणि वाद्यांचीही. संगीत मंडळीला पायपेटी, म्हणजे ऑर्गन, वाजविणारा आणि तबलजी हे दोन आधार अनिवार्य असत. नटाच्या श्वासाची जागा ओळखणारा, वन्समोअरनंतर नव्या अंगाने उचलायच्या तानेला अचूक साथ देणारा वादक सहजी मिळत नसे. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे हे पेटीवादनातील मोठे नाव. किर्लोस्कर मंडळीसाठी त्यांनी १९११ मध्ये खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला चाली दिल्या आणि त्याच वर्षी मंडळीचे नायक नट नानासाहेब जोगळेकर निवर्तल्यावर हा पेटीवादक धैर्यधराच्या भूमिकेत नायक म्हणून उभा राहिला. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढील काळात याच गंधर्व मंडळीने अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखा तबलानवाज आणि कादरबक्ष यांच्यासारखा सारंगिया पदरी बाळगला. मैफलीतील नामांकित वादक नाटकाच्या साथीला बसविणे हा श्रोत्यांना सुखावणारा आणि प्रतिस्पर्ध्यांना दिपविणारा प्रकार होता. मंडळीच्या तिजोरीला तो कितपत झेपत होता, हा भाग वेगळा.

पुणे जिल्ह्यातील वाचकांना हा व्यवहार परका वाटू नये. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि दौंड तालुक्यातील चौफुल्याची कलाकेंद्रे संगीतबारीसाठी प्रसिद्ध आहेत. तमाशाच्या फडात हंगामापूर्वी फडमालक कलावंताला उचल देतो आणि त्या उचलीने ढोलकीवाला, सोंगाड्या किंवा नर्तकी दसऱ्यापासून पुढच्या हंगामापुरती त्या फडाशी बांधली जाते. उचल फिटली नाही तर फड सुटत नाही. दुसऱ्या फडाला तो ढोलकीवाला हवाच असेल तर त्याने आधीची उचल भागवून त्याला न्यावे, असाही रिवाज. संगीत नाटक मंडळ्यांची प्रतिष्ठा, भाषा आणि प्रेक्षकवर्ग तमाशाहून निराळा मानला जाई. माणसे बांधून ठेवण्याची आणि फोडण्याची तऱ्हा मात्र फारशी निराळी नव्हती. नाटकवाल्यांच्या आठवणींत तिला करार, भागीदारी अशी भारदस्त नावे आहेत, एवढेच.

किर्लोस्कर मंडळी फुटल्यानंतर या स्पर्धेला अधिकच धार चढली. बालगंधर्वांची जागा भरण्यासाठी मंडळीने १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकर या गोव्याकडील चौदा वर्षांच्याही आतील मुलाला आणले. त्याचा गळा सिद्ध होतो न होतो तोच १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथांनी बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. नाट्यकलाप्रवर्तक मंडळीकडे किराणा घराण्याचे सवाई गंधर्व होते; तेथेच बालनट म्हणून वाढलेले मास्तर कृष्णराव पुढे गंधर्व मंडळीशी जोडले गेले. महाराष्ट्राच्या नाट्यव्यवसायाचा त्या दहा वर्षांचा नकाशा काढला, तर तो एका मंडळीतून दुसरीत जाणाऱ्या वाटांनीच भरून जाईल. प्रत्येक नवी मंडळी ही जुनीच्या फुटीतून जन्मली आणि बहुतेकींच्या नशिबी पुन्हा तीच फूट आली.

केशवरावांची मंडळीही अशाच फुटीतून जन्मली होती. पण मालक म्हणून त्यांनी निवडलेला मार्ग काहीसा वेगळा दिसतो. आपला गळा हेच मंडळीचे मुख्य आकर्षण आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच तो एकमेव आधार राहू नये यासाठी ते झटले. गाण्यासाठी त्यांनी ग्वाल्हेर घराण्याचे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे तालीम घेतली आणि मंडळीच्या नाटकांनाही बुवांच्या चाली लाभल्या. आक्रमक, पेचदार गायकी हे वझेबुवांचे वैशिष्ट्य. ती केशवरावांच्या चढ्या आवाजाला शोभून दिसली. नव्या नाटकांसाठी ते जुन्या नामवंत नाटककारांच्या दारात रांग लावून बसले नाहीत. वऱ्हाडातील वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ त्यांनी केले आणि त्यातील मृणालिनीची त्यांची भूमिका गाजली. हुंड्याच्या प्रश्नावरील वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’ १९१६ मध्ये आणि धर्मांतराचा विषय हाताळणारे ‘संन्याशाचा संसार’ १९१९ मध्ये आले. पौराणिक कथांत रमलेल्या संगीत रंगभूमीवर चालू काळातील प्रश्न आणणे, तेही पदांच्या लोकप्रियतेवर जगणाऱ्या मालकाने आणणे, हे धाडस होते.

नेपथ्यासाठी त्यांनी पु. श्री. काळे यांच्यासारखा चित्रकार जोडला. काळ्यांच्या पडद्यांनी ललितकलादर्शच्या नाटकांना जी दृश्यसंपन्नता दिली, तिचा उल्लेख त्या काळच्या जाणकारांनी आवर्जून केला आहे. नटवर्गात बापूराव पेंढारकर आणि नानासाहेब चापेकर असे गुणी कलावंत त्यांनी जोपासले. त्यांतील बापूराव म्हणजे व्यंकटेश बळवंत पेंढारकर हे केशवरावांहून अवघे दोन वर्षांनी धाकटे. मालकाच्या शेजारी तोलामोलाचा गायक नट उभा राहिला की मालकाला धास्ती वाटावी, असा तो काळ. केशवरावांनी बापूरावांना दाबले नाही, पुढे आणले. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात हा निर्णय सर्वांत दूरदृष्टीचा आहे.

दरम्यान प्रेक्षकांत सरळसरळ दोन तट पडले होते. एक बालगंधर्वांचा, दुसरा केशवरावांचा. एकीकडे लडिवाळ, मुलायम, शब्दाशब्दाला गोंजारणारे गाणे; दुसरीकडे प्रखर, वीररसाला साजणारे, छातीठोक गाणे. पुण्या-मुंबईच्या घराघरांत यावर वाद झडत. नाट्यव्यवसायाची सूत्रे तेव्हा बव्हंशी ब्राह्मण मंडळींच्या हाती होती आणि केशवराव मराठा समाजातील होते. त्या दशकातील ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाची छाया रसिकांच्या पक्षाभिमानावर मुळीच पडली नसेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शाहू महाराजांचा लोभ मात्र दोघांवरही होता. बालगंधर्वांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार व्हावेत यासाठी महाराजांनीच पुढाकार घेतला होता.

या पार्श्वभूमीवर १९२१ साल उजाडले. लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी निधन झाले होते आणि त्यांच्या नावे स्वराज्य फंड उभा राहत होता. त्याच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘मानापमान’ करावे, असे ठरले. हे ठरणे सोपे नव्हते. कोणाच्या मंडळीचे नाव आधी, कोणाच्या वाट्याला कोणती भूमिका, कोणाला किती टाळ्या, अशा प्रत्येक प्रश्नावर दोन्ही गटांचे अभिमानी डोळ्यांत तेल घालून बसले होते. केशवरावांच्या दृष्टीने धोका अधिक होता. भामिनी ही बालगंधर्वांची मूळची, दहा वर्षे घोळलेली भूमिका. नाटक त्यांच्या जुन्या मंडळीचे. त्या अंगणात जाऊन धैर्यधर म्हणून उभे राहायचे आणि एका रात्रीत तुलनेला सामोरे जायचे. पराभव झाला असता तर तो केवळ एका नटाचा ठरला नसता. ललितकलादर्शच्या पुढच्या प्रत्येक मुक्कामाच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम झाला असता.

मुंबईच्या बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ रोजी प्रयोग झाला. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत गेले होते. त्या काळी शंभर रुपये म्हणजे अनेकांची काही महिन्यांची कमाई. तरीही नाट्यगृह तुडुंब भरले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. श्रीमंतीच्या तोऱ्यात सेनापतीचा अपमान करणारी नायिका आणि पराक्रमाच्या बळावर तिचा मान जिंकणारा नायक, हे नाटकाचे कथानकच जणू त्या रात्रीसाठी लिहिले गेले होते. एकाच्या पदाला टाळ्या पडल्या की दुसरा आपल्या पदात सर्वस्व ओती. कोण जिंकले, यावर पुढे कित्येक वर्षे रसिक भांडत राहिले आणि निकाल लागला नाही, यातच प्रयोगाचे यश आले. एवढे खरे की, त्या रात्रीनंतर केशवरावांना दुसऱ्या फळीतील नट म्हणण्याची कोणाची प्राज्ञा राहिली नाही.

या विजयाचा उपभोग घेण्यास मात्र त्यांना तीन महिनेही मिळाले नाहीत. यशवंत नारायण टिपणीस यांचे ‘शहा शिवाजी’ याच वर्षी त्यांनी रंगभूमीवर आणले होते. प्रवास, तालमी, रात्रभराचे प्रयोग यांनी शरीर खंगत होते. विषमज्वराने त्यांना गाठले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वय होते एकतीस. ज्या ज्वराला आज औषधांचा आठवडा-पंधरवडा पुरतो, त्यावर तेव्हा उपाय नव्हता.

मुख्य गळा बंद पडला की मंडळी बंद पडते, हा त्या व्यवसायाचा अलिखित नियम होता. मालकाविना उरलेले नट आणि वादक इतर मंडळ्यांनी उचलून न्यावेत, अशीच सर्वांची अपेक्षा असणार. केशवरावांनी मंडळीची धुरा बापूराव पेंढारकरांवर सोपविली होती. बापूरावांनी माणसे फुटू दिली नाहीत आणि दुसऱ्याच वर्षी वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे नाटक करून ललितकलादर्शला पुन्हा उभे केले. पडद्यांवर रंगविलेल्या दालनांऐवजी खऱ्या खोलीसारखे नेपथ्य या नाटकात दिसले. ‘तुरुंगाच्या दारात’, ‘सोन्याचा कळस’ अशी वरेरकरांची नाटके मंडळीने केली. १५ मार्च १९३७ रोजी बापूरावही अकाली गेले.

केशवरावांच्या निधनानंतर सातच आठवड्यांनी, २५ नोव्हेंबर १९२१ रोजी, बापूरावांना मुलगा झाला होता. हाच भालचंद्र पेंढारकर. वडिलांच्या निधनानंतर काही वर्षांनी त्याने मंडळी पुन्हा उभी केली, विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० मध्ये रंगभूमीवर आणले आणि मुंबईच्या साहित्य संघ मंदिरात प्रयोगांचे ध्वनिमुद्रण जपण्याचा ध्यास आयुष्यभर बाळगला. २००८ मध्ये ललितकलादर्शने शंभर वर्षे पूर्ण केली, तेव्हा मंडळीची सूत्रे त्यांच्याच घरात होती. किर्लोस्कर, गंधर्व आणि बलवंत या तिन्ही नामवंत मंडळ्यांचे पडदे तोवर केव्हाच पडून गेले होते.